निळा-हिरवा दगड तांब्याचाच आहे का? घेण्याआधी असं तपासा

खनिजांच्या प्रदर्शनात निळ्याशार नमुन्यापुढे उभं राहिलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. पैसे काढण्याआधी एवढं करा.

१. आधी गाव विचारा. तांब्याची रंगीत खनिजं बहुतेकदा तांब्याच्या साठ्याच्या वरच्या थरात, हवा-पाणी मुरून तयार होतात. नामिबियातलं त्सुमेब, अ‍ॅरिझोनातलं बिस्बी, काँगोतला कटांगा ही त्यांची गाजलेली ठिकाणं. विक्रेता ‘पुण्याजवळचं वाघोली’ म्हणाला आणि पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर निळे गुच्छ बसलेले दिसले, तर ते कॅव्हान्साइट. त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचा. तांब्याचा त्यात संबंध नाही. नमुना झकास असतो, जरूर घ्या, पण चिठ्ठी बरोबर लिहा.

२. भिंगातून पाहा. निळं अ‍ॅझुराइट आणि हिरवं मॅलाकाइट एकाच दगडावर, एकमेकांत मिसळलेलं दिसलं तर चांगली खूण, दोन्ही तांब्याचीच खनिजं. अ‍ॅझुराइटचं हळूहळू मॅलाकाइट होत असतं. घासून चकचकीत केलेल्या मॅलाकाइटचे पट्टे कुठे रुंद, कुठे केसाएवढे बारीक असतात. सगळे पट्टे सारखेच, दगड हाताला हलका आणि कोमट लागला, तर बहुधा प्लॅस्टिक. खरं मॅलाकाइट चांगलंच जड असतं.

३. स्वतःचा, फुटका तुकडा असेल तर टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासा. अ‍ॅझुराइटची रेघ फिकट निळी, मॅलाकाइटची फिकट हिरवी उमटते. दुकानातल्या नमुन्यावर हा प्रयोग नको, भांडण होईल.

४. मोरपिशी झाक असलेला ‘पीकॉक ओर’, म्हणजे बोर्नाइट हे तांब्याचं खनिज, म्हणून दगड मिळाला की ताजी फुटलेली कड शोधा. आतून पितळेसारखा पिवळा असेल, तर ते आम्लात बुडवून रंगवलेलं कॅल्कोपायराइट (तांब्याचंच दुसरं खनिज) असण्याची शक्यता जास्त. खरं बोर्नाइट आतून तांबूस-तपकिरी असतं.

५. टवटवीत निळे, मोठ्ठे, स्वस्त स्फटिक? सरळ मोरचूद समजा. निसर्गातही तो मिळतो, कॅल्कँथाइट नावाने, पण बाजारातला बराचसा भांड्यात वाढवलेला असतो. पाण्यात विरघळतो आणि कोरड्या हवेत पांढुरका होऊन भुरभुरतो.

घरी आणल्यावर व्हिनेगर, लिंबू, चिंच यांपासून मॅलाकाइट-अ‍ॅझुराइट दूर ठेवा. आम्लाने पृष्ठभाग खाल्ला जातो. मऊ ब्रशने धूळ झटका, बस. मॅलाकाइट बुडवून ठेवलेलं पाणी पिण्याचं खूळ हल्ली दिसतं, ते अजिबात करू नका: तांबं पोटात जातं. हे दगड घरी कापू नका, घासून चकचकीतही करू नका, त्यांची भुकटी श्वासातून जाणं घातक. हाताळून झालं की हात धुवा, आणि मोरचूद मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.