अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज सारखा उडतोय? मग या चुका टाळा

गणपती जवळ आले की माळ्यावरचा अ‍ॅम्प खाली उतरतो, धूळ पुसून प्लग लावला, स्विच दाबला की फट्! दुसरा फ्यूज टाकला, तोही गेला. मग बाजूला उभा असलेला कुणीतरी शहाणा म्हणतो, "अरे दोनचा कशाला टाकतोस, दहाचा टाक." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉलेजात असताना मीही हेच केलं होतं, तेही फ्यूजऐवजी सरळ वायरीतली तार गुंडाळून. तार टिकली, ट्रान्सफॉर्मर गेला, आणि जळक्या व्हार्निशचा वास आठवडाभर खोलीतून जात नव्हता.

फ्यूजचा हिशोब साधा आहे. २४-०-२४ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे ४८ गुणिले ५, २४० व्हीए, भागिले २३० म्हणजे मेनमधून साधारण एक अँपिअर. तिथे दोनचा स्लो ब्लो, म्हणजे क्षणभराचा जादा करंट सोसणारा, फ्यूज पुरतो. दहाचा टाकला तर तो फ्यूज नावापुरताच.

उडालेला फ्यूज फेकायच्या आधी उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत सरळ शॉर्ट आहे. काच स्वच्छ आणि तार मधोमध वितळून तुटलेली असेल तर करंट थोडा जास्त जातोय, हळूहळू.

आता दुसरी चूक, म्हणजे फ्यूजवर फ्यूज टाकून "टेस्ट" करणं. सिरीज लॅम्प करा ना राव, एक होल्डर आणि १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब अ‍ॅम्पच्या फेज वायरीत सिरीजमध्ये. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच पाहिजे. स्पीकर काढून स्विच ऑन करा, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, कॅपॅसिटर चार्ज झाले. लख्ख पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, पण बल्ब मध्ये असल्यामुळे जेमतेम अर्धा अँपिअरच जातो, त्यामुळे बाकीचं सामान वाचतं.

मग एकेक टप्पा सोडवायचा. प्रत्येक वेळी आधी प्लग काढा आणि मोठे कॅपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या काढून नको. आधी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी, म्हणजे पुढे बोर्डाकडे जाणाऱ्या, वायरी काढा, तरी बल्ब लख्ख तर ट्रान्सफॉर्मर किंवा मेनची वायरिंग. मग फक्त ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि कॅपॅसिटर जोडा. इथेही ठीक असेल तर आउटपुट बोर्ड, आणि दहातल्या आठ वेळा मला तरी तिथेच सापडलंय.

बोर्डावर ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोड्या असतात, मीटर डायोडवर ठेवून कलेक्टर-एमिटर तपासा, शून्य दाखवून बीप वाजला की शॉर्ट. पण इथे एक गंमत आहे, चार जोड्या पॅरलल असतील तर एक गेलेला असला तरी त्या बाजूचे सगळेच गेल्यासारखे दिसतात, म्हणून पाय सुटे करूनच मोजा, नाहीतर उगाच सगळे बदलाल. आणि नुसता ट्रान्झिस्टर बदलून स्विच ऑन करू नका हो! तो जाताना ड्रायव्हर (त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर), ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टन्स, कधीकधी बायसचा (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटचा) प्रीसेट, म्हणजे तो करंट ठरवणारा फिरवायचा छोटा रेझिस्टन्सही घेऊन जातो. प्रीसेट ओपन असला की काही सर्किटमध्ये बायस फुल चढतो आणि नवी जोडी दोन मिनिटात हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर) भाजून निघते.

ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मध्ये करंट अडवायला बसवलेल्या मायकाच्या पातळ तुकड्याकडे तर कुणी बघतच नाही. एकदा मी दोन दिवस एका बोर्डावर डोकं आपटलं, ट्रान्झिस्टर सुटे मोजले की चांगले, फिट केले की शॉर्ट. शेवटी बोटाने चाचपलं तर हीटसिंकच्या भोकाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कुसळाएवढा कंगोरा, स्क्रू आवळला की मायका फाडून तो थेट कलेक्टरला टेकत होता, आणि हीटसिंक बॉडीला म्हणजे ग्राउंडला. मोठं ड्रिल हाताने फिरवून भोकाची कड साफ केली, नवा मायका, बेताची पेस्ट, झालं. म्हणून फिट केल्यावर प्रत्येक कलेक्टर ते हीटसिंक मीटरने मोजा, बीप येता कामा नये.

स्विच ऑनला नाही, पण आवाज वाढवल्यावर फ्यूज जात असेल तर आधी बाहेर बघा. आठ ओहमचे चार स्पीकर पॅरलल लावले की दोन ओहम होतात, आणि आपले बरेच असेंबल्ड अ‍ॅम्प चारच्या खाली झेपत नाहीत. स्पीकरच्या वायरीचा एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला लागलाय का तेही बघा.

आणि बोर्ड, ब्रिज, ट्रान्सफॉर्मर सगळं ठीक, बल्बही व्यवस्थित मंद होतोय, तरी डायरेक्ट लावला की कधीतरी स्विच ऑनलाच फ्यूज जातो? मग फ्यूजच्या टोपीवर बघा काय लिहिलंय. मोठा टोरॉइडल (गोल कड्यासारखा) ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढतो, तिथे 'एफ' म्हणजे फास्ट फ्यूज टिकत नाही. त्याच अँपिअरचा 'टी' लिहिलेला, म्हणजे स्लो ब्लो, मागून घ्या.