गावचराईचे कुरण सुधारताना या चुका टाळा

विदर्भातील अनेक गावांच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गावचराईच्या माळावर, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. लोकवर्गणीतून किंवा एखाद्या योजनेतून मारवेल या चाऱ्याच्या गवताचे बियाणे आणले जाते, मृगाच्या पावसावर ते सगळ्या माळावर सारखे फेकले जाते, पहिल्या वर्षी हिरवळ दिसते आणि तिसऱ्या वर्षी टेकाडावर कुसळी गवत, आखराजवळ (गुरे बसण्याच्या जागेजवळ) तरोटा आणि सखल भागात मोथा परत येतो. मग दोष बियाण्याला दिला जातो. बियाणे कधी कधी खरोखर वाईट असते, पण बहुतेक वेळा चूक त्याच्या आधीची असते: माळाकडे आपण एकसारख्या जमिनीचा एक तुकडा म्हणून पाहतो आणि गवत मात्र तसे पाहत नाही.

वनस्पतीशास्त्रात एखाद्या जातीच्या जगण्याच्या जागेला ‘निश’ म्हणतात; त्याला जुन्या मातीच्या घरातील कोनाडा हा शब्द चपखल बसतो. दिव्याचा कोनाडा वेगळा, देवाचा वेगळा. फरक एवढाच की, गवताचा कोनाडा भिंतीत आधी कोरून ठेवलेला नसतो. मातीची खोली, पाणी किती दिवस टिकते, ऊन, चराई, आग आणि शेजारचे गवत हे सारे मिळून तो घडवतात. 1957 मध्ये परिस्थितिकीचे अभ्यासक जी. एव्हलिन हचिन्सन यांनी या कल्पनेत एक महत्त्वाचा भेद केला. एखादी जात एकटी असताना जिथे जगू शकते ती जागा वेगळी, आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत तिच्या वाट्याला प्रत्यक्षात येते ती जागा वेगळी.

पहिली चूक: गवत जिथे दिसते तीच त्याच्या आवडीची जागा समजणे

ही चूक सर्वांत खोल आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्झ एलेनबर्ग यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मातीचा एक उतरता वाफा केला. त्याच्या एका टोकाला भूजल अगदी वर होते आणि दुसऱ्या टोकाला खोल. त्यांच्या प्रदेशात कोरड्या जागी, मध्यम ओलीत आणि पाणथळ जागी आढळणारी गवते त्यांनी आधी वेगवेगळी लावली, तेव्हा ती सगळी मध्यम ओलीतच उत्तम वाढली. एकत्र लावल्यावर मात्र एक गवत कोरड्या टोकाकडे सरकले, एक ओल्या टोकाकडे, आणि मधली जागा सर्वांत जोरकस गवताने घेतली. म्हणजे कोरड्या जागेत आढळणारे गवत तिथे कोरडेपणाच्या आवडीने राहत नव्हते. चांगल्या जागेवरून त्याला हटवले गेले होते आणि इतरांना न पेलणारा कोरडेपणा त्याला पेलत होता.

आपल्या माळावर हे रोज दिसते. टेकाडावर, जिथे कुदळ वीतभर गेली की मुरूम लागतो, तिथे पवन्या टिकतो; उतरणीखाली काळी माती खोल होते तिथे मारवेल जोर धरतो; नाल्याच्या काठाला कांस उभा राहतो. म्हणून ‘टेकाडावर कुसळीच येते, तिथे दुसरे काही होणारच नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. पवन्याच्या माळावर अतिचराई झाली की त्याची जागा आधी कुसळी घेते आणि तिच्याही नंतर बारीक, निकस कुसळाची गवते येतात. कुसळी हे अनेकदा त्या जमिनीचे नव्हे, तर त्या चराईचे गवत असते.

यावर उपाय साधा आहे. बियाणे मागवण्याआधी एक पावसाळा नुसता माळ पाहावा. मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी फिरून पाणी अजून कुठे साचले आहे तिथे खुंट्या ठोकाव्यात, दहा-बारा ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे, आणि पोळ्यानंतर गवते फुलोऱ्यात आली की कोणते कुठे आहे याचा कच्चा नकाशा काढावा. गावातील जुन्या गुराख्याला सोबत घेतल्यास हे काम निम्म्या वेळात होते, आणि अधिक अचूक होते.

खत आणि आखर

कुरणाला युरिया दिला की चारा वाढतो, हे खरे आहे. पण इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून चालू असलेल्या कुरणाच्या प्रयोगात भरपूर अमोनियम खत मिळालेल्या आणि चुनखडी न टाकलेल्या तुकड्यांत मोजक्याच जाती उरल्या, तर बिनखताच्या तुकड्यांतील विविधता टिकून राहिली. यात माती आम्लधर्मी होण्याचा वाटा होताच. शिवाय नत्र मुबलक झाले की स्पर्धा मुळांकडून उजेडाकडे जाते, उंच जाती सावली करतात आणि बुटक्या जाती तिच्याखाली मरतात.

आखरावर हेच काम गुरांचे शेण-मूत्र करते, आणि त्यात खुरांनी माती दडपली जाते ती वेगळीच. तिथला तरोटा गुरे तोंडातही घेत नाहीत, त्यामुळे तो बिनधास्त बी धरतो. (कोवळ्या तरोट्याची भाजी आपण आवडीने खातो, पण तेवढ्याने तो आटोक्यात येत नाही.) आखरावर महाग बियाणे टाकणे व्यर्थ आहे. तरोटा फुलोऱ्याआधी कापावा आणि गुरे बसण्याची जागा दरवर्षी थोडी सरकवावी.

उगवणीची गरज विसरणे

1977 मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ पीटर ग्रब यांनी दाखवून दिले की, वाढलेल्या रोपाची गरज आणि बी रुजण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुसळीचे कुसळ ओल लागली की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते आणि बी मातीत ढकलते; म्हणूनच उन्हाळ्यात माळ पेटला तरी तिचे बी बचावते. कोवळ्या चाऱ्यासाठी दरवर्षी माळ जाळणारे गाव अशा रीतीने स्वतःच्याच हाताने कुसळी पेरत असते.

मारवेल आणि पवन्याचे बी हलके व लोमश असते. वखराच्या तासात ते खोल गाडले तर वर येत नाही. ओली माती व शेणात कालवून पृष्ठभागावरच टाकावे. ताजे बी काही महिने सुप्त राहते, तेव्हा हिवाळ्यात गोळा केलेले बी पुढच्या पावसाळ्यात वापरणेच योग्य. मुरमाड भागात बियाण्यापेक्षा ठोंबे लावणे मला अधिक भरवशाचे वाटते, जरी मजुरी जास्त लागते.

झाडे, चर आणि कायमची बंदी

उघड्या माळाला ‘पडीक’ म्हणून त्यावर दाट झाडे लावणे ही सद्‌हेतूने होणारी हानी आहे. आपली बहुतेक पावसाळी गवते भर उन्हात वाढणारी आहेत. दाट सावलीत ती विरळ होतात आणि रानतुळस, घाणेरी आत शिरतात. उथळ मातीवर खोदलेले सलग समतल चर पाणी अडवतात, पण खालचा मुरूम वर आणून चांगल्या मातीवर पसरवतात. जिथे गवताचे आवरण शाबूत आहे तिथे ते खणू नयेत.

कायमची चराईबंदीही तितकीच चुकीची आहे. डार्विनने नोंदवले आहे की, कापल्या जाणाऱ्या हिरवळीच्या तीन फूट बाय चार फुटांच्या तुकड्यावर वीस जाती होत्या. वाढ मोकळी सोडल्यावर त्यांतील नऊ नाहीशा झाल्या. माळाचे तीन-चार भाग करावेत, दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत राखावा, आणि उरलेल्या भागांत आळीपाळीने गुरे सोडावीत. राखलेला भाग दरवर्षी बदलावा, आणि त्यात टेकाड व सखल जमीन दोन्ही येतील अशा रीतीने सीमा उताराच्या दिशेने आखाव्यात. उताराला आडव्या आखल्या तर एका वर्षी फक्त पवन्याला आणि दुसऱ्या वर्षी फक्त मारवेललाच बी धरायला सवड मिळते.