स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं अभ्याससाहित्य कसं मिळवावं: मराठवाड्यातून निघण्याआधी

लातूरहून रात्री निघालं, तरी सोलापूर-कोल्हापूर करत मालवणला पोचेपर्यंत दुसरा दिवस बराच वर आलेला असतो. मी पहिल्यांदा स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या कोर्सला गेले तेव्हा हातात चार दिवसांची रजा होती आणि बॅगेत ओळखीच्या एकाकडून आणलेल्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स. महिनाभर ती वाचली होती, पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. सेंटरवर गेल्यावर कळलं, की आवृत्ती कधीच बदलली आहे, धड्यांचा क्रम वेगळा आहे आणि कोर्सला प्रत्येकाचं स्वतःच्या नावावरचं साहित्य लागतं. नवं साहित्य तिथंच घेतलं. पण चारपैकी दोन दिवस लॉजच्या खोलीत वाचण्यात गेले. कोर्स अर्धा राहिला आणि तो पुरा करायला पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागला.

गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला ही चूक परवडते, तो पुढच्या रविवारी परत जातो. आपल्याला समुद्र लांब आहे. म्हणून आपण वाचन घरीच संपवून निघायचं. त्यासाठी काय, कुठून आणि कधी घ्यायचं ते सांगते.

आधी कोर्स नक्की करा

मालवणला पर्यटक जे ‘स्कूबा’ करतात त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून थोडा वेळ खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. अनुभव छान असतो, पण त्याला पुस्तकही नाही आणि प्रमाणपत्रही नाही. आपण बोलतोय ते ‘ओपन वॉटर डायव्हर’ या कोर्सबद्दल. तो केला की जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, १८ मीटरपर्यंत उतरता येतं. सुरुवातीची वयोमर्यादा १० वर्षं आहे. लहान मुलांना ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यांची खोली कमी असते. ‘स्कूबा डायव्हर’ नावाचा छोटा कोर्सही असतो, पण त्यात १२ मीटरची मर्यादा आणि सोबत व्यावसायिक डायव्हर हवाच. एवढ्या लांब जाणारच असाल तर पूर्ण कोर्स करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सेंटर, आणि साहित्य त्यानंतर

बहुतेक जण उलटं करतात, मीही तेच केलं होतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत: १९६६ मध्ये सुरू झालेली पॅडी, १९७० ची एसएसआय, शिवाय नाऊई, सीमास. शिकवण्याचा गाभा जवळपास सारखाच, पण साहित्य प्रत्येकाचं स्वतंत्र. एसएसआयच्या सेंटरवर पॅडीचं पुस्तक घेऊन गेलात तर ज्ञान वाया जाणार नाही, पैसे मात्र जातील. म्हणून कुठं शिकायचं ते पहिल्यांदा ठरवा. आपल्याला जवळचं म्हणजे सिंधुदुर्ग. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पलीकडं गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, पुद्दुचेरी आणि अंदमानातलं स्वराज द्वीप.

सेंटरला फोन केला की फीचा आकडा विचारून ठेवून देऊ नका. कोर्स कोणत्या संस्थेचा? फीमध्ये साहित्य आणि प्रमाणपत्राचा खर्च धरलाय का? साहित्य डिजिटल की छापील, आणि ते किती दिवस आधी पाठवणार? पाण्याखालच्या वेळेचा हिशेब छापील तक्त्यावर शिकवता की डाइव्ह कॉम्प्युटर या मनगटावरच्या यंत्रावर? इन्स्ट्रक्टरचा क्रमांकही मागून घ्या; पॅडीच्या इन्स्ट्रक्टरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. चांगलं सेंटर या प्रश्नांना कंटाळत नाही.

वेळेचंही गणित आहे. मालवणच्या बाजूला पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. पोळ्याच्या सुमारास साहित्य हातात आलं आणि दिवाळीनंतरच्या तारखा धरल्या, तर मधले दोन महिने अभ्यासाला मिळतात.

संचात काय काय असतं

सध्या मुख्य साहित्य डिजिटल आहे. सेंटर तुमच्या नावानं कोड पाठवतं, तो टाकून खातं उघडायचं आणि धडे, चित्रफिती, चाचण्या सगळं मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर. हा कोड एकदाच चालतो, त्यामुळं कुणी वापरलेला कोड स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. साहित्याची आणि सेंटरवरच्या नोंदणीची मुदत किती, हेही कोड घेतानाच विचारा. गावाकडं राहत असाल तर वीज आणि नेटवर्क असताना सगळे धडे अॅपमध्ये उतरवून ठेवा. भारनियमनाच्या रात्रीच निवांत अभ्यास होतो, तेव्हा हे उपयोगी पडतं.

छापील पुस्तक मिळत असेल आणि कागदावर वाचायची सवय असेल तर जरूर घ्या, फक्त चालू आवृत्ती आहे ना ते सेंटरला विचारून. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुनी पुस्तकं शोधण्याचा नाद मलाही आहे, पण या कोर्ससाठी तिथं वेळ घालवू नका. याशिवाय लॉगबुक लागतं, कागदी किंवा अॅपमधलं, ज्यात प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ आणि हवा नोंदवायची. सेंटर तक्ते शिकवत असेल तर त्यांचं प्लॅस्टिकचं कार्ड मीटरमधलं मागा, फुटांतलं नको. आपण विहीर फुटांत मोजतो, पण इथल्या बोटींवर खोली मीटरमध्ये आणि हवेचा दाब ‘बार’मध्येच बोलला जातो.

यूट्यूबवरच्या चित्रफिती मास्कमधलं पाणी कसं काढतात हे पाहायला चांगल्या आहेत. पण त्यांवर अभ्यास भागवू नका. कुठली कृती कुठल्या धड्यानंतर यायला हवी हे त्यात कळत नाही, आणि या विषयात क्रमाला फार महत्त्व आहे.

मराठी माध्यमवाल्यांसाठी एक वही

साहित्य इंग्रजीतून वाचावं लागणार हे धरून चाला. मी मराठी शाळेत शिकले. पहिल्या धड्यात अडखळले, तेव्हा शंभर पानी वही केली: डावीकडं इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडं आपला. प्रेशर म्हणजे दाब, व्हॉल्यूम म्हणजे आकारमान, डेन्सिटी म्हणजे घनता, बॉयन्सी म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातलं प्लावक बल. इक्वलाइझ म्हणजे कान मोकळे करणं. चाळीस-पन्नास शब्द झाले की धडे सरळ वाचता येतात, कारण खालचं विज्ञान शाळेतलंच आहे.

वाचताना विहीर डोळ्यासमोर ठेवा

पोहायला मी मामाच्या विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. इकडं विहीर किती खोल हे अजूनही परसांत सांगतात. १८ मीटर म्हणजे साधारण दहा परस. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो. बॉईलच्या नियमानं तिथं हवेचं आकारमान निम्मं होतं.

आता नीट पाहा. विहिरीत बुडी मारणारा काठावर छातीभर श्वास घेतो. समजा ६ लिटर. १० मीटरवर त्याचे ३ लिटर होतात आणि वर आल्यावर पुन्हा ६. काही बिघडत नाही, म्हणून श्वास कोंडून धरणं ही आपल्या अंगात भिनलेली सवय असते. स्कूबात १० मीटरवर तुम्ही टाकीतून पूर्ण ६ लिटर हवा घेता. ती कोंडून वर आलात तर तिचे १२ लिटर व्हायला बघतात, आणि फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. स्कूबाचा पहिला नियम ‘श्वास कधीही कोंडू नका’ हा आहे तो यासाठी. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी हा धडा दोनदा वाचावा. माझा हात अजूनही नकळत नाकाकडं जातो.

पॅडीच्या कोर्समध्ये वाचनाचे पाच भाग आहेत आणि शेवटी ५० पर्यायी प्रश्नांची परीक्षा, ७५ टक्क्यांना उत्तीर्ण. रोज तासभर दिला तर तीन आठवड्यांत सगळं आरामात होतं. प्रश्न सोडवत राहायची सवय लातूरकडच्या मुलांना सांगायला नको. इथं फक्त एवढं जास्त करा: चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पाठ न करता ते का बरोबर आहे हे वहीत एका ओळीत लिहा. इन्स्ट्रक्टर तेच विचारतो. हातांच्या खुणा मात्र घरच्यांबरोबर पाठच करा. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

वैद्यकीय अर्ज

हा साहित्याचाच भाग आहे आणि लोक तो शेवटपर्यंत ठेवतात. अर्ज सेंटरकडून आधीच मागवून घरी भरा. दमा, हृदयविकार, मधुमेह, फिट, कानाचं किंवा सायनसचं दुखणं अशा प्रश्नांना ‘हो’ आलं, तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांची तपासणी आणि सही लागू शकते. डॉक्टरांकडं जाताना त्यांच्यासाठी दिलेली सूचनांची पानंही छापून न्या. आपल्याकडच्या डॉक्टरांसमोर असे अर्ज क्वचितच येतात. किनाऱ्यावर पोचल्यावर ‘हो’ निघालं तर रजा गेली. आणि खोटं ‘नाही’ लिहू नका, तिथं धोका तुमच्याच जिवाला आहे.

पोहण्याची चाचणीही असते: न थांबता २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगणं. २५ मीटरच्या तलावात त्या आठ लांब्या. विहिरीत अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळं सरावाला तलावच बरा.

उंचीचा धडा वगळू नका

किनाऱ्यावरच्या माणसाला हा धडा लागत नाही, आपल्याला लागतो. तक्ते समुद्रसपाटी धरून केलेले असतात आणि ३०० मीटरच्या वर पाणी असेल तर हिशेब बदलतो. जायकवाडी भरलं की बातमीत १५२२ फूट येतं, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं डायव्हिंगचा विचार नकोच. पण नियम ध्यानात ठेवायला हे उदाहरण आपल्या घरचं आहे.

परतीचा प्रवास त्याहून महत्त्वाचा. डाइव्हनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो आणि लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानप्रवास टाळा, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था सांगते; आणि ही सूचना २००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटरपासून लागू धरतात. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. खुद्द लातूर ६०० मीटरच्या वर आहे. गाडीनं जातोय म्हणून आपण सुटत नाही. परतीचं तिकीट साहित्याच्या कोडबरोबरच ठरवा: शेवटची डाइव्ह सकाळी, दुपारी लॉगबुकावर सही, रात्रीचा मुक्काम मालवणातच, आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्यानंतर.