आधी एसएमपीएस, मग कॅबिनेट

घरी कॉम्प्युटर जोडायचं ठरलं की पोरं पहिल्यांदा काचेचं, रंगीत लाईटचं कॅबिनेट पसंत करतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात पैसे संपतात, मग एसएमपीएस, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारा डबा, 'कुठलातरी घाला' यावर येतो. मी बेळगावजवळ खानापुरात कॉम्प्युटर जोडून देते आणि प्रत्येकाला सांगते, आधी एसएमपीएस ठरवा. जांबोटीकडे पावसात फांदी तारेवर पडली की लाईट जाते, येते, परत जाते. त्या प्रत्येक हिसक्याचा पहिला मार एसएमपीएस खातो. तो हलका असला तर मदरबोर्डही सोबत जातो.

किती वॅटचा घ्यायचा? रायझन ५ ५६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड ११५. बोर्ड, रॅम, एसएसडी (फाइली साठवते ती), पंखे यांचे ५०-६० धरा. झाले २६०च्या आसपास. या कार्डासाठी ते काढणारी कंपनी एनव्हिडिया मोकळीक धरून ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, तेवढा पुरे. साडेसातशेच्या मागे लागू नका, उरलेल्या पैशात एसएसडी मोठी घ्या की!

पण खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात, खाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात. म्हणून त्या रकान्यातल्या अँपिअरना १२ने गुणा. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, म्हणजे ५५०चा आकडा खरा. नंदगडचा एक मुलगा कॉम्प्युटर घेऊन आला होता, गेम लावला की बंद पडायचा. "अक्का, नवीन कार्ड घालायचं काय?" मी झाकण काढून लेबल दाखवलं. वर ४५० छापलेलं, बाराच्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॅट! एसएमपीएस बदलला, तेच कार्ड नीट चाललं. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारे एसएमपीएस बऱ्याचदा असलेच असतात. निदान ८० प्लस ब्राँझचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का बघून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. लाईट गेल्यावर चांगला एसएमपीएस १६ मिलीसेकंदांच्या आसपास तग धरतो, नॉर्मल मोडवर इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी वायरमन बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात कित्येकदा वायरच नसते.

आता कॅबिनेट. बोर्ड मायक्रो-एटीएक्स (लहान मापाचा) असेल तर लहान कॅबिनेट चालतं, फक्त कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची मोजून घ्या. काच बाजूला असू दे, पुढे जाळीच हवी, नाहीतर पंख्यांना हवा मिळत नाही. आपल्याकडची तांबडी धूळ बारीक, तेव्हा जाळीमागचा फिल्टर काढून धुता आला पाहिजे. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीजवळ घर असेल तर तो दर आठवड्याला धुवा, वाळल्याशिवाय परत लावू नका. एसएमपीएस खाली बसणार असेल तर कॅबिनेटचे पाय उंच हवेत, कारण तो खालून हवा ओढतो. आणि मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नका. पावसाळ्यात उबेला पाल तिथूनच आत शिरते.