नागपुरातला मुक्काम लांबला, तरी ग्रीन कार्ड कसं टिकवायचं

वर्षातून एकदा अमेरिकेत पाय लावून आलं की ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, शाबूत राहतं, हा समज धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. तुमचं घर अमेरिकेत आहे आणि नागपूरचा मुक्काम तात्पुरता आहे, की नेमकं उलट, हे कायदा बघतो. दिवसांच्या आकड्यांवरून फक्त चौकशी कधी कडक होणार ते ठरतं. तरीही आकडे पाठ असावेत.

सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर परतताना तुम्ही नव्यानं प्रवेश मागणारे ठरू शकता आणि प्रश्न वाढतात. सलग एक वर्ष झालं, तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. विमान कंपनी चेक-इनलाच अडवू शकते. हिवाळा इकडे आणि नागपूरचा उन्हाळा टाळून लेकीकडे, असा बेत असणाऱ्यांचा हिशेब बसतो: १० ऑक्टोबरला अमेरिका सोडून ५ एप्रिलला पोचलात तर १७७ दिवस. पण हाताशी उरले तीनच दिवस. मार्चअखेर कुणाचं लग्न निघालं, कुणाचा मोतीबिंदू निघाला, की तिकीट पुढे जातंच. म्हणून परतीचं तिकीट १५० दिवसांच्या आसपासचं काढा.

वर्षाच्या वर थांबावं लागेल असं दिसत असेल तर री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत प्रवेशाचा आगाऊ परवाना, घ्या. अर्ज आय-१३१ फॉर्मवर होतो, आणि तो दाखल होताना तुम्ही स्वतः अमेरिकेत असावं लागतं. गाडी इथेच अडते. आई-बाबा नागपुरात पोचल्यावर मुलगा तिकडून अर्ज भरतो आणि तो नामंजूर होतो. तेव्हा निघण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज टाका, पावती सांभाळा, बोटांच्या ठशांची तारीख येईपर्यंत थांबा. ठसे न देता निघालात तर त्यासाठी परत उडावं लागू शकतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. ठसे झाल्यावर मात्र परमिट हातात यायची वाट बघायची गरज नाही. ते मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत पाठवा, असं अर्जातच लिहिता येतं.

परमिट जास्तीत जास्त २ वर्षांचं असतं आणि त्याची मुदत वाढत नाही. नवीन हवं तर पुन्हा अमेरिकेत जाऊन अर्ज. गेल्या ५ वर्षांत ४ हून जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर साधारणपणे एकच वर्षाचं मिळतं. दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर त्या अटी काढून घेण्याच्या अर्जाची तारीख परमिटमुळे पुढे सरकत नाही.

आता पुराव्यांची पिशवी. मुक्काम का लांबला आणि कधी संपणार, हे कागदांवरून दिसलं पाहिजे. धंतोलीतल्या दवाखान्याची फाईल असेल तर डिस्चार्ज कार्डासोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घ्या, त्यात उपचार सुरू झाल्याची तारीख आणि अंदाजे शेवट लिहून घ्या. सोबत अमेरिकेतलं बँक खातं, चालू ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र, घराचा करार, टॅक्स रिटर्नच्या प्रती. तिकडचा पत्ता बदलला तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरून कळवा.

विमानतळावर आपले लोक एका वाक्यानं फसतात: 'मुलाला भेटायला आलो.' भेटायला येतो तो पाहुणा! तुम्ही खरंच तिथे राहत असाल तर तसंच सांगा: मुलाकडे राहतो, आजारपणासाठी भारतात गेलो होतो, आता घरी परत आलो. अधिकाऱ्यानं आय-४०७ पुढे केला तर तो कार्ड स्वखुशीनं सोडल्याचा फॉर्म आहे हे ओळखा. सही करायची सक्ती नाही. शांतपणे 'इमिग्रेशन जजसमोर सुनावणी हवी' म्हणा. जज अंतिम निकाल देईपर्यंत कायम रहिवाशाचा दर्जा जात नाही.

टॅक्सचं दुखणं वेगळं. नागपुरात बसलात तरी अमेरिकेत रहिवासी म्हणून फॉर्म १०४०, म्हणजे तिथलं टॅक्स रिटर्न, भरायचा आणि जगभरची मिळकत दाखवायची: इथल्या एफडीचं व्याज, प्लॉटचं भाडं, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं भारतात करमुक्त असलेलं व्याजसुद्धा. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात झाले की तुम्ही इथलेही रहिवासी करदाते ठरता. मग एखादा सीए भारत-अमेरिका करकरार दाखवून तिकडे अनिवासी रिटर्न भरायला सुचवतो. कर वाचतो, पण 'मी तिथे राहत नाही' असं तुम्हीच लेखी दिलेलं असतं.

नागरिकत्वाचं घड्याळ निराळं चालतं. परमिट असलं तरी सलग एक वर्ष बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटतं, आणि ५ वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं.

परमिट नाही आणि वर्ष उलटून गेलं, तर डीएस-११७ हा फॉर्म भरून एसबी-१ हा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. त्यासाठी थांबण्याचं कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं, हे सिद्ध करावं लागतं. गंभीर आजारपण चालू शकतं. बेसाच्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता, हे नाही. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर त्यानं आई-बाबांसाठी आय-१३० हा नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठीचा अर्ज नव्यानं भरणं कित्येकदा सोपं पडतं, कारण नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोटा लागू नाही. आणि दहा-दहा महिने नागपुरातच राहायचं ठरलेलं असेल, तर आय-४०७ स्वतःहून भरून व्हिजिटर व्हिसाचा अर्ज करणं हा सरळ मार्ग आहे. तो व्हिसा मिळेलच असं नाही, पण मिळाला तर विमानतळावर 'मुलाला भेटायला आलो' हेच उत्तर बरोबर ठरतं.