फोटोग्राफीचा क्लास घेताय? पहिला तास खिडकीपाशी घ्या

लग्नं, पोर्ट्रेट, प्रॉडक्ट अशी कामं करता करताच मी शिकवायलाही लागले. तुम्हीही धंदा सांभाळून क्लास सुरू करणार असाल, तर माझं पहिलं सांगणं हेच: पहिल्या तासाला कॅमेरे बॅगेतच राहू द्या. मुलं हिरमुसतात, तरी राहू द्या. बटणं कुठली काय करतात हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतही मिळतं. उजेडाकडे बघायचं कसं, हे मात्र शेजारी उभं राहूनच दाखवावं लागतं.

खोलीतले दिवे बंद करा. एका विद्यार्थ्याला खिडकीच्या अगदी जवळ, तिच्याकडे कूस करून बसवा. बाकीच्यांना विचारा, नाकाची सावली कुठे पडली? डोळ्यात खिडकी दिसते का? आता खुर्ची थोडी थोडी मागे न्या. चेहऱ्यावरचा उजेड कमी होतो, सावलीची कड धारदार होते, डोळ्यातली खिडकी लहान होते. मघाशी काळोखात गेलेली मागची भिंतही चेहऱ्याच्या मानाने उजळ वाटू लागते. शेवटी अंधाऱ्या गालाजवळ पांढरा कागद धरा. सावली कशी उघडते ते सगळ्यांना दिसतं. घाई करू नका, प्रत्येकाला एकदा तरी खुर्चीत बसू द्या.

दुसऱ्या तासाला कॅमेरे निघाले की एक पांढरी चादर आणि एक काळं कापड घ्या. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), पूर्ण फ्रेम भरून दोन्हींचा फोटो काढायला सांगा. दोन्ही करडे येतात! कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कापडाचा रंग ठाऊक नसतो, समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं तो धरून चालतो. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड मुद्दाम वाढवायची-घटवायची सोय, पांढऱ्यासाठी अधिक १ ते २ आणि काळ्यासाठी उणे १ ते २ करून बघायला लावा. पांढरा शालू किंवा काळा कोट का फसतो, हे पुन्हा समजावावं लागत नाही.

एक्स्पोजरचा त्रिकोण, म्हणजे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फळ्यावर थोडक्यात उरका. छिद्र एफ/४ वरून एफ/५.६ वर गेलं की उजेड निम्मा. शटर १/१२५ सेकंदावरून १/६० वर आलं की दुप्पट. एवढं सांगून लगेच चालत्या माणसाचे फोटो काढायला पाठवा.

फोटो तपासणं हा क्लासचा गाभा आहे, निम्मा वेळ त्यालाच द्या. आधी विद्यार्थ्याला बोलू द्या: तुला काय दाखवायचं होतं? नुसतं ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका, त्यातून कोणी काही शिकत नाही. तुमचंही एखादं काम, ग्राहकाच्या परवानगीने, निवडलेल्या चार फोटोंपुरतं न दाखवता पहिल्या क्लिकपासून दाखवा. कुठला फोटो का बाद केला, ते बोलून दाखवा. शिकणाऱ्याला व्यावसायिकाकडून मिळण्यासारखं हेच तर असतं, निवड करणारी नजर.

बॅच लहान ठेवा. प्रत्येकाचे फोटो त्याच दिवशी बघून होतील एवढीच. हंगामाच्या तारखांना क्लास लावू नका आणि फी आधी घ्या. घरी जाताना एकच अभ्यास द्या: एक वस्तू, एकच जागा, सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. आणायचे फक्त तीन फोटो, आणि कुठलाही एडिट न केलेला.