डेस्कटॉप सीएनसी राउटरवर लाकूडकाम: या चुका टाळा

डेस्कटॉप सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या फाइलनुसार लाकूड कोरणारे टेबलावरचे छोटे यंत्र, नव्याने घेतलेले हौशी लोक मला वाया गेलेल्या फळ्यांची छायाचित्रे पाठवतात आणि यंत्रात काय बिघाड झाला असावा, असे विचारतात. बहुतेक वेळा यंत्र उत्तम असते. फाइलमध्ये जे लिहिले होते तेच त्याने इमानेइतबारे केलेले असते आणि चूक स्पिंडल (बिट, म्हणजे कापणारे पाते, फिरवणारी मोटर) फिरू लागण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. आधीचा अर्धा तास तयारीला देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी सागवानाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी माणूस या यंत्रावर सर्वांत आधी घराच्या नावाची पाटी करतो आणि सर्वांत मोठी चूकही तिथेच होते. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेले असतात. पडद्यावर ते एकजीव, काळेभोर दिसतात. पण अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या बाह्यरेषांमध्ये, रूपांतर केले की ते एकमेकांना छेदणारे वेगवेगळे आकार राहतात. बहिणीच्या घरासाठी मी ‘मैत्री’ ही पाटी केली, तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. अक्षरे ३ मिमी खोल खोदायची होती. दोन आकार जिथे एकमेकांवर चढतात तो भाग सॉफ्टवेअरने ‘बाहेरचा’ धरला आणि खोदलाच नाही. अडीच तासांनी भुसा झटकला, तेव्हा ‘मै’ आणि ‘त्री’ यांच्या सांध्यावर, ऐन शिरोरेषेत, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा उभा होता. मात्रा जिथे शिरोरेषेला मिळते तिथेही तसाच दुसरा होता. पटाशीने ते काढताना तंतू उपटले गेले आणि तळाला खड्डा पडला. तिरप्या उन्हात तो खड्डा आजही दिसतो आणि बहिणीच्या दारात उभा राहिलो की माझी नजर आधी तिथेच जाते.

तेव्हापासून मी मजकूर थेट टूलपाथच्या, म्हणजे बिटचा मार्ग आखणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत नाही. अशा अनेक सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. मी अक्षरे युनिकोड फॉन्टमध्ये इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर लिहितो, त्यांचे पाथमध्ये रूपांतर करतो, गट सोडवतो, सगळे आकार निवडून ‘युनियन’ करतो, म्हणजे त्यांचा एकच आकार करतो, आणि मग फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात संपूर्ण पाटी मोठी करून पाहतो. एक जरी रेघ दुसरीला छेदताना दिसली, तरी ती फाइल यंत्राकडे जात नाही. यासाठी पाच मिनिटे लागतात आणि ही पाच मिनिटे वाचवण्याचा मोह मला समजत नाही.

दुसरी चूक लाकूड जाळण्याची. कडा काळ्या पडल्या की नवशिका घाबरून फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, आणखी कमी करतो आणि लाकूड अधिकच जळते. बिटने लाकूड कापायला हवे, घासायला नव्हे. हिशेब सोपा आहे: मिनिटाच्या फीडला फेऱ्या आणि बिटच्या धारा यांच्या गुणाकाराने भागले की प्रत्येक धार किती जाडीचा काप काढते ते कळते. दोन धारांचा बिट मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि फीड मिनिटाला १,००० मिमी असेल, तर प्रत्येक काप ०.०५ मिमीचा निघतो. फीड २०० वर आणले की तो ०.०१ मिमी होतो. एवढ्या बारीक कापात धार लाकडात शिरतच नाही, नुसती घासत राहते. त्या घर्षणाने बिट तापतो, धार जाते आणि पुढची फळी आणखी लवकर जळते. यंत्र लहान आहे, त्याच्यावर ताण नको, ही काळजी रास्त आहे; पण मग फीडऐवजी खोली कमी करावी. माझ्या ३०१८ या छोट्या मॉडेलच्या यंत्रावर सागवानात ३ मिमीच्या बिटने मी एका थरात ०.५ ते १ मिमीपेक्षा खोल जात नाही. काम चालू असताना थोडा भुसा चिमटीत घेऊन पाहावा. बारीक कपच्या हाताला लागल्या तर ठीक. मैद्यासारखी गरम पूड लागली तर फीड वाढवावे किंवा फेऱ्या कमी कराव्यात. जळका वास येत असताना यंत्र चालू ठेवून चहाला जाणे धोक्याचे आहे, कारण तापलेला भुसा व्हॅक्यूमच्या पिशवीत धुमसू शकतो.

क्लॅम्पची उंची न मोजणे ही घाई अनेकांना महागात पडते. सुरक्षित उंची, म्हणजे न कापता सरकताना बिट फळीच्या जेवढा वर राहतो ती, ३ मिमी दिलेली असते, क्लॅम्पचा बोल्ट फळीच्या २० मिमी वर आलेला असतो आणि बिट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे धाव घेतो. बिट तुटणे हे त्यातले लहान नुकसान आहे. या यंत्रांच्या साध्या स्टेपर मोटरना, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरना, आपण कुठे आहोत याची स्वतंत्र जाणीव नसते. धडकेत पावले चुकली तरी कंट्रोलर सगळे ठीक असल्याचे समजून पुढे जातो आणि उरलेले काम काही मिलिमीटर सरकून होते. म्हणून धडक झाल्यावर नुसता बिट बदलून पुढे चालू करू नये. शून्य, म्हणजे यंत्र जिथून मोजमाप धरते तो बिंदू, पुन्हा घ्यावे. पातळ फळीला तर मी क्लॅम्प लावतच नाही. फळीच्या पाठीला आणि टेबलाला मास्किंग टेप चिकटवतो, दोन्ही टेपच्या मध्ये फेविक्विकचे थेंब टाकतो आणि मिनिटभर दाबून धरतो. नवीन फाइल असली की बिट फळीच्या वर ठेवून ती एकदा हवेत चालवतो. ही सवय मी आजही मोडलेली नाही.

डिझाइनमध्ये शून्य फळीच्या मध्यभागी आणि यंत्रावर डाव्या कोपऱ्यात घेतल्यास जवळपास तीन चतुर्थांश काम फळीबाहेर जाते. त्यामुळे शून्याची जागा मी पेन्सिलने फळीवरच लिहितो.

दुकानात १८ मिमी म्हणून मिळणारे प्लायवूड नेमके १८ मिमी असेलच असे नाही. खाच आखण्यापूर्वी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजावे.

गोल बिट आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही. ६ मिमीच्या बिटने तिथे ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहणारच, तेव्हा कोपरा पटाशीने साफ करण्याची तयारी ठेवावी किंवा आखणीतच कोपऱ्यात जास्तीचा अर्धगोल द्यावा.

पावसाळ्यात वखारीतून आणलेली फळी त्याच दिवशी कोरायला घेऊ नये. लाकूड रुंदीत फुगते आणि आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही; ओलसर फळीची एक बाजू खोल खोदली की ती वाटीसारखी वाकते. मी ती दोन आठवडे खोलीत उभी ठेवतो, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी.

आकार आरपार कापताना टॅब, म्हणजे तुकडा फळीला धरून ठेवणारे न कापलेले छोटे दुवे, द्यायला विसरू नये. शेवटच्या थरात सुटा झालेला तुकडा बिटमध्ये अडकतो आणि खोलीभर भिरकावला जातो, म्हणून डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच. एमडीएफ कापताना एन-९५ मास्क लावावा आणि यंत्र थांबल्यावरही हवेतली पूड खाली बसेपर्यंत तो काढू नये.